अभ्यासू मुलाची निगा : बिदर-कलबुरगी पद्धत

बिदर आणि कलबुरगी जिल्ह्यांच्या महाराष्ट्राकडच्या पट्ट्यात, म्हणजे औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांत, अभ्यास ही एकट्याने उरकायची गोष्ट समजली जात नाही. मूल दहावीला गेले की घर दहावीला जाते. टीव्हीची वायर बापाच्या कपाटात जाते, मुक्कामी येणाऱ्या पाहुण्यांना ‘परीक्षा झाल्यावर या’ असा निरोप जातो आणि धाकट्या भावंडांना वर्षभर कुजबुजत भांडण्याची सवय लागते. विद्यार्थ्याने स्वतःची काळजी कशी घ्यावी यावर जगभर पुस्तके निघतात. या पट्ट्यात ती खपण्याचे कारण नाही. ती काळजी आजी, माय, बाप, दोन काका, गल्लीतले निवृत्त गुरुजी आणि औषध दुकानदार यांनी आधीच वाटून घेतलेली असते. विद्यार्थ्याकडे एकच काम उरते, समोर दिसेल असे बसणे.

अभ्यासाचे येथे दोन प्रकार मानतात: दिसणारा आणि ऐकू येणारा. त्यातही ऐकू येणाऱ्याला मान जास्त. मनातल्या मनात वाचणारे मूल संशयास्पद ठरते. भाकरी थापणारी माय आवाजावरून अभ्यास मोजते आणि आवाज थांबला की दोन भाकऱ्यांच्या मधून “वाचायलास का झोपायलास?” असा प्रश्न बाहेर येतो. म्हणून अनुभवी विद्यार्थी पाठ असलेलाच धडा मोठ्याने म्हणतो आणि त्या आवाजाच्या आडोशाला बसून वेगळाच विचार करतो. इतिहास याला सर्वांत सोयीचा. गणित मोठ्याने वाचता येत नाही, त्यामुळे ते मागे पडते. सीमाभागात गणित कच्चे का, याचा शोध घेणाऱ्यांनी ही बाब अजून मनावर घेतलेली दिसत नाही.

अभ्यासाला जागा लागते, हे या प्रदेशाला हजार वर्षांपासून ठाऊक आहे. भीमेपलीकडच्या इंडी तालुक्यातील साळोटगी येथे इ. स. ९४५ च्या सुमारास मोठी पाठशाळा होती. तिच्या शिलालेखाप्रमाणे विद्यार्थ्यांसाठी २७ निवासगृहे होती, दिवाबत्तीच्या खर्चासाठी १२ निवर्तने जमीन लावून दिली होती आणि मुख्य आचार्यांसाठी ५० निवर्तने. दिव्याला बारा आणि साहेबांना पन्नास हे प्रमाण पाहता शिक्षणाचे अंदाजपत्रक मधल्या काळात फारसे बदललेले नाही. कलबुरगी जिल्ह्यातच, चित्तापूरजवळच्या नागावीत, १०५८ साली घटिकास्थान होते. तिथे वेद शिकणारे दोनशे विद्यार्थी, शास्त्रे शिकणारे पन्नासच्या आसपास, आणि पोथ्या सांभाळायला सहा सरस्वती-भांडारिक, म्हणजे आजच्या भाषेत ग्रंथपाल. आज अनेक शाळांत पुस्तकांचे एक कपाट असते, त्याची किल्ली एका सरांकडे असते आणि सर मीटिंगला गेलेले असतात.

बिदरमध्ये महमूद गवानाने १४७२ साली बांधून पूर्ण केलेल्या मदरशात तीन मजले होते, मोठे ग्रंथालय होते आणि चौकाकडे तोंड केलेल्या विद्यार्थ्यांच्या खोल्या होत्या. वारा खेळता, उजेड भरपूर. पुढे औरंगजेबाच्या काळात याच इमारतीत दारूगोळा ठेवला गेला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस तो उडून पुढचा बराच भाग कोसळला. अभ्यासाच्या खोलीत घरातली इतर सामग्री साठवू नये, या नियमाचे एवढे ठसठशीत उदाहरण शोधूनही सापडायचे नाही. तरी आजही मुलाच्या टेबलाखाली तुरीची दोन पोती, वरच्या फळीवर लग्नातली भांडी आणि खिडकीत इन्व्हर्टर असतोच. घरात जागा नसली तर मूल मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, गच्चीवर किंवा शेतातल्या लिंबाखाली जाते. लिंबाखाली अभ्यास उत्तम होतो, फक्त तो कुणाला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्यामुळे तो जमेस धरत नाहीत.

भाषेची बाब थोडक्यात सांगता येते, कारण ती सोसायला फार वेळ लागतो. कर्नाटकाची दहावी, म्हणजे एसएसएलसी, ६२५ गुणांची. मराठी शाळेतल्या मुलाला पहिली भाषा मराठी १२५ गुणांची, बाकीचे पाच विषय शंभर-शंभरचे आणि त्यांत कन्नड व इंग्रजी दोन्ही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले विज्ञान पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एका उन्हाळ्यात इंग्रजी होऊन समोर येते. गल्लीतले मित्र दखनी बोलतात. याचा एक फायदाही आहे. अभ्यास झाला का, या प्रश्नाला बापाला मराठीत “झाला”, सरांना कन्नडमध्ये “आग्याद सर” आणि दोस्ताला दखनीत “कुछ नै हुआ रे” अशी तीन उत्तरे देता येतात, आणि त्यांतले खरे कोणते ते तिघांनाही कळते.

वेळापत्रक ही या पद्धतीतली सर्वांत कष्टाची कलाकृती. ते पुठ्ठ्यावर, चार रंगांच्या स्केचपेनने, मोजपट्टी लावून काढतात आणि त्यात एक अख्खा रविवार जातो. सकाळी चार ते साडेपाच गणित, साडेपाच ते सहा व्यायाम, सहा ते सहा दहा दूध. जेवणाला पंधरा मिनिटे आणि ‘मनोरंजन’ या चौकटीत ‘वर्तमानपत्र वाचणे’. हे वेळापत्रक मुलाला ओळखत नसलेल्या कुणीतरी मुलाच्या हातून काढून घेतले आहे, अशी शंका येते. ते भिंतीवर लागले की पहिले तीन दिवस पाळले जाते आणि चौथ्या दिवशी दुरुस्तीसाठी खाली उतरते, म्हणजे आणखी एक रविवार.

फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशी युक्ती काढली की पंचवीस मिनिटे एकचित्ताने काम करावे आणि मग थोडे उठावे. वेळ मोजायला त्याच्याकडे टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ होते, म्हणून त्या पद्धतीला इटालियन भाषेतल्या टोमॅटोचेच नाव पडले. भालकीत ते घड्याळ लागत नाही. पंचवीस मिनिटांच्या आत “जा, दळण घेऊन ये”, “काकाला चहा दे”, “मोटर बंद कर” यांपैकी एक हाक येतेच. मेंदूला विश्रांतीची व्यवस्था इतकी पक्की आहे की तिच्यामध्ये अभ्यास कुठे बसवायचा एवढाच प्रश्न उरतो.

आता झोप. हा या पद्धतीतला सर्वांत दुबळा भाग असल्याने तो सविस्तर पाहणे भाग आहे. पहाटे चारला उठलेल्याच्या लक्षात राहते, ही श्रद्धा सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच आहे. दहावीच्या वर्षी काही शाळांतले शिक्षकही पहाटे फोन करून मुलांना उठवतात. फोन बाप घेतो, “उठलाय सर, बसलाय” म्हणून सांगतो आणि पुन्हा झोपतो. मूल मात्र खरोखर उठून बसते, भिंतीला टेकून, पुस्तक मांडीवर, डोळे अर्धे. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळ पुढे सरकते, झोप उशिरा येते आणि उशिरा सुटते, हे शरीरशास्त्राने पुरते दाखवून दिले आहे. त्या वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि दिवसा वाचलेले डोक्यात पक्के होण्याचे काम बऱ्याच अंशी झोपेतच चालते. म्हणजे घोकून झाल्यावर झोपलेले मूल कामावर असते. ही गोष्ट घरात समजावून सांगण्याचे धाडस आजवर कुणी केल्याचे ऐकिवात नाही.

रात्री साडेअकरा ते पहाटे चार हे साडेचार तास झाले. उरलेले चार-पाच तास विद्यार्थी वाऱ्यावर सोडत नाही. त्यांतला एक शाळेच्या तिसऱ्या तासाला वळता होतो, एक एसटीत, एक संध्याकाळी पुस्तकावर आणि एक समाजशास्त्राच्या सरांच्या परवानगीने. जागे राहण्यासाठी रात्री दहाला मोठा कप चहा देतात. चहा-कॉफीतल्या कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. हिशेब केला तर दहाच्या चहाचा निम्मा अंमल रात्री तीनपर्यंत टिकतो आणि चारला गजर होतो. यात चहाचा दोष नाही. त्याला नेमून दिलेले काम त्याने चोख बजावलेले असते.

वाचलेले लक्षात का राहत नाही, याचा छडा हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये लावला. निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून ती किती वेगाने विसरतो हे त्याने मोजले. (निरर्थक अक्षरे पाठ करण्याचा प्रयोग त्यानंतर मोठ्या प्रमाणावर चालू राहिला, पण मोजमाप करण्याचे राहून गेले.) थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी केली तर विसरणे मंदावते, हा त्याचा निष्कर्ष. पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी दाखवले की तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून स्वतःची चाचणी घेतली तर आठवडाभराने जास्त आठवते. लातूरकरांना हे आधीच कळले होते. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या ‘लातूर पॅटर्न’चा कणाच मुळी सराव परीक्षा आणि पुन्हा सराव परीक्षा हा आहे. म्हणून औराद-भालकीची मुले दहावीनंतर उदगीर-लातूरची वाट धरतात. नीटसाठी बिदरलाच राहणारीही पुष्कळ आहेत. शाहीनसारख्या संस्थेमुळे तर आता परप्रांतांतली मुले बिदरला येतात आणि बिदरची मुले लातूरला जातात. दोघेही घरापासून लांब असल्याने एकाग्र होतात.

बाहेरगावी गेलेल्या मुलाची निगा डब्यातून राखली जाते. पहाटे माय भाकरी, शेंगाची चटणी, डाळ आणि एक भाजी भरते, डबा कापडात बांधते, वर चिकटपट्टीवर नाव व नंबर लिहिते आणि बाप तो पहिल्या गाडीच्या कंडक्टरच्या हवाली करतो. डबा दहाच्या सुमाराला पोचतो. मूल स्टँडवर येऊन तो घेते आणि त्याच क्षणी मायचा फोन येतो, डबा मिळाला का हे विचारायला आणि काल भाजी परत का आली हे विचारायला. अकरा जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना लागू झाली आणि राज्याच्या गाड्यांत बायकांना तिकीट राहिले नाही. तेव्हापासून बिदर-कलबुरगीला शिकणाऱ्या मुलांच्या जीवनात एक मोठा बदल झाला: डब्याबरोबर आता आधार कार्ड घेऊन माय स्वतः येते. खोलीवर येते, गादीखाली बघते, मोबाइलचा चार्जर बरोबर नेते. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. त्यामुळे लातूरला शिकणाऱ्या मुलाकडे फक्त डबा जातो. लातूरच्या निकालाची कारणे सांगताना हे सहसा कुणी सांगत नाही.

आहाराबद्दल या भागाला बाहेरून कुणी शिकवावे असे काही नाही. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण हे रोजचे जेवण, आणि कलबुरगीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. सकाळी सुशीला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी दिलेला हा पदार्थ पोट भरतो आणि डोळ्यांवर येत नाही. पण परीक्षेचे वर्ष आले की या साध्या अन्नावरचा विश्वास उडतो. भिजवलेले बदाम येतात, मग अक्रोड येतात, कारण त्यांचा आकार मेंदूसारखा असतो. मग डब्यातली ती पूड, जिच्या झाकणावर चष्मा घातलेला मुलगा असतो. आजीचा भर तेलावर. आठवड्यातून दोनदा टाळूवर तेल जिरवले की गणित उतरते, असा तिचा अनुभव आहे. गणित तिने स्वतः कधी केलेले नाही, पण तेल पुष्कळ जिरवले आहे.

खरा आरोग्यकारक दिवस वर्षात एकच येतो आणि तो वेळापत्रकात नसतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला बिदर, कलबुरगी, लातूर, धाराशिवकडची सगळी गावे शेतात जातात. ही वेळ अमावस्या, बोलण्यात येळवस, कन्नडमध्ये एळ्ळ अमावास्ये. कडब्याची खोप करतात, आत पांडव मांडतात आणि पूजा करतात. मग जेवण. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे आणि हाताला लागतील त्या भाज्या बेसन लावून एका भांड्यात शिजवतात, ती भज्जी. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, आणि मडक्यातली ताकात आंबवलेली अंबिल. आहारतज्ज्ञ जे जे सांगतात, डाळी, भाज्या, भरड धान्य, आंबवलेले अन्न, ते सगळे एका पत्रावळीवर येते. त्यावर मुलाला तीन वेळा आग्रह होतो. मग ते खोपीच्या सावलीत आडवे होते आणि दोन तास झोपते. त्या दिवशी त्याला कुणी उठवत नाही. आजूबाजूला काका-मामाही घोरत असल्याने उठवायला कुणी शिल्लक नसते. हा दिवस डिसेंबर-जानेवारीत, प्रिपरेटरी परीक्षेच्या तोंडावर येतो, म्हणून काही घरांत मुलाच्या पिशवीत विज्ञानाचे पुस्तकही घालतात. पुस्तक उशाला बरे पडते.

शरीराचे लाड कसे करावेत यावर याच मातीत एक थोर ग्रंथ झालेला आहे. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यातल्या वीस उपभोगांत स्नान, अन्न, पाणी, शय्या, एवढेच नव्हे तर पाय चोळून घेण्याचेही प्रकरण आहे. पण तो राजासाठी आहे. राजाला परीक्षा नव्हती, उलट त्याच्याच समोर इतरांच्या परीक्षा होत. विद्यार्थ्याच्या वाट्याला दुसरा ग्रंथ येतो, ‘गुरुचरित्र’. सात दिवसांचे पारायण, ठरलेले अध्याय, मोजका आहार, जमिनीवर झोप: उजळणीचे इतके काटेकोर वेळापत्रक पुठ्ठ्यावर कधी उतरलेले नाही, आणि हे पाळलेही जाते. मात्र ते मूल पाळत नाही, माय पाळते. गाणगापूर अफजलपूर तालुक्यात, भीमा-अमरजेच्या संगमावर, म्हणजे घरचेच. ग्रंथातली एक कथा तिथेच घडते. वादासाठी आलेल्या दोन गर्विष्ठ पंडितांसमोर श्रीगुरूंनी जमिनीवर सात रेघा ओढल्या आणि रस्त्याने जाणारा एक माणूस त्या एकेक ओलांडत गेला. सातव्या रेघेपलीकडे तो वेद म्हणू लागला. ही कथा ऐकणाऱ्या दहावीच्या मुलाच्या मनात काय येते हे उघड आहे, आणि फेब्रुवारीत गाणगापूरच्या गाड्यांना गर्दी का असते हेही.

बिदरची मुले झरणी नरसिंहाला जातात. छातीपर्यंतच्या पाण्यातून, सुमारे तीनशे मीटर लांबीच्या भुयारातून, डोक्यावर वटवाघळे घेऊन देवापर्यंत पोचायचे. हॉल तिकीट भिजू नये म्हणून ते बाहेर बापाच्या खिशात राहते, आणि बाप ते बाहेरूनच देवाला दाखवतो. या पद्धतीवर टीका करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्या अर्ध्या तासात मुलाच्या हातात मोबाइल नसतो.

परीक्षेचा मोसम आणि उन्हाचा मोसम येथे एकच. २०२५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा २१ मार्चला सुरू झाली. होळीनंतर पाचव्या दिवशीचा कलबुरगीच्या शरणबसवेश्वरांचा रथ त्याच्या दोन-तीन दिवस आधीच ओढला गेला होता, म्हणजे शेवटची उजळणी जत्रेच्या भोंग्यावर झाली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा रिवाज पाडला आहे. इकडे भोंगा आहे, त्याचा उपयोग तेवढा वेगळा. उन्हात पाणी प्यावे, ताक प्यावे, डोक्याला रुमाल बांधावा हा सल्ला रास्त आहे आणि सगळे तो देतात. एप्रिल-मे महिन्यांत कलबुरगी विभागातली सरकारी कार्यालये उन्हामुळे सकाळी आठ ते दुपारी दीडपर्यंतच चालतात, त्यामुळे सल्ला द्यायला दुपारनंतर मनुष्यबळही वाढते.

२०२५ च्या निकालात दक्षिण कन्नड जिल्हा ९१ टक्क्यांच्या आसपास राहून पहिला आला आणि कलबुरगी ४२ टक्क्यांच्या आसपास राहून शेवटचा. असे झाले की बैठका होतात, मागे पडणाऱ्या मुलांसाठी निवडक प्रश्नांचे ‘पासिंग पॅकेज’ जोरात वाटले जाते, आणि किनाऱ्याकडच्या जिल्ह्यांत मुले काय खातात याची चौकशी होते. ती मासे खातात हे कळल्यावर चौकशी थांबते. घरोघरी मात्र निकालाचे विश्लेषण सोपे असते. पास झाला तर पारायण, नापास झाला तर मोबाइल.

कर्नाटकाने २०२४ पासून एका वर्षात दहावीच्या एकापेक्षा जास्त परीक्षा ठेवल्या आहेत आणि त्यांतले जास्तीचे गुण धरण्याची मुभा आहे. हेतू मुलांवरचा ताण कमी करण्याचा. २०२५ ची दुसरी परीक्षा मेच्या अखेरीस होती, म्हणजे आंबे, लग्ने आणि लू यांच्या मधोमध. तिचा फॉर्म भरायला नापास झालेला मुलगा आणि सहाशे दहा मिळवलेला मुलगा एकाच रांगेत उभे राहतात. पहिल्याला काठावरचे गुण हवे असतात, दुसऱ्याच्या बापाला सहाशे पंधरा. फॉर्मची मुदत थोड्याच दिवसांची असते, आणि दोघांनाही सकाळी आठपर्यंत झोपायला मिळते ते तेवढे दिवस.